'पंच' हे पेय, 'पाच' हा आकडा आणि नेरूळ: यांचा खरा संबंध किती?

प्रश्न – नेरूळनिवासी

सर्वांस नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे संपादन यंदा माझ्याकडे आहे. 'आपले नेरूळ' या सदरासाठी एका सभासदाने पाठवलेला मजकूर छापावा की नाही, याबाबत मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मजकुराचा गोषवारा असा: इंग्रजीत 'पंच' नावाचे जे मिश्र पेय प्रसिद्ध आहे, त्याचे नाव आपल्या 'पाच' या शब्दावरून पडले, कारण त्यात दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच घटक असतात, आणि सतराव्या शतकात येथे आलेल्या एका इंग्रज डॉक्टरने आपल्या प्रवासवर्णनात असे नोंदवले आहे की, या पेयासाठी लागणारी उत्तम दारू नेरूळ येथे तयार होते. त्यावरून सभासदांनी असा निष्कर्ष काढला आहे की, जगभर गेलेल्या या पेयाचे मूळ नवी मुंबईत आहे.

हा मजकूर संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर आधीच फिरला असून बहुतेकांना तो आवडला आहे. येथील आगरी-कोळी गावठाणे सिडकोच्या कितीतरी आधीची आहेत, त्यामुळे सतराव्या शतकात येथे वस्ती असणे मला अशक्य वाटत नाही. तरीही छापील मजकूर मुलांच्या हाती जाणार असल्याने तो खरा असावा, असा माझा आग्रह आहे. एक उपप्रश्नही विचारतो. क्रिकेटमधला पंच, मुष्टियोद्ध्याचा पंच आणि पेल्यातला पंच हे तिन्ही शब्द एकच आहेत का?

उत्तर १ – जुनी_पाने, ठाणे (पश्चिम)

आपण छापण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. सभासदांनी ज्याचा उल्लेख केला आहे तो डॉक्टर म्हणजे जॉन फ्रायर. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य १६७२ साली इंग्लंडहून निघाला आणि त्याच्या प्रवासाचे पुस्तक १६९८ साली लंडनला प्रसिद्ध झाले. मराठी वाचकांना तो परका नाही, कारण शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीची हकिकत त्याच्याच पुस्तकात आलेली आहे. आपल्या भागातूनही तो गेला होता. मुंबईहून जुन्नरला जाताना त्याने ठाणे आणि कल्याण हाच मार्ग घेतला. त्यामुळे त्याच्या पुस्तकात 'नेरूळ' दिसले की आपल्या माणसाला ते आपलेच वाटावे, हे मी समजू शकतो.

परंतु ते नेरूळ आपले नव्हे. ते वाक्य फ्रायरच्या गोव्याच्या वर्णनात येते, ठाण्याच्या किंवा मुंबईच्या वर्णनात नाही. गोव्याच्या बार्देश तालुक्यात, मांडवीच्या मुखाजवळ आग्वादच्या किल्ल्यालगत नेरूळ नावाचे गाव आहे आणि ते आजही त्याच नावाने ओळखले जाते. त्याच वाक्यात फ्रायर तेथल्या दारूला 'अरक' किंवा 'नेपा द गोवा' असे म्हणतो. निपा हे आग्नेय आशियात खाजणात वाढणाऱ्या एका पामवृक्षाचे नाव असून पोर्तुगीजांच्या व्यापारातून ते पामच्या दारूसाठीही वापरात आले होते. दारूच्या नावातच गोवा असताना तिचे गाव ठाण्याच्या खाडीकाठी शोधण्याचे काही कारण उरत नाही.

सारख्या नावांमुळे असे घोटाळे आपल्याकडे वारंवार होतात. नेरूळ आणि माथेरानच्या पायथ्याचे नेरळ यांची गल्लत तर आजही टपालात होते. म्हणून जुन्या परदेशी पुस्तकातले गाव ओळखताना केवळ नावाच्या उच्चारावर विसंबू नये, तर त्या पानाच्या मागची आणि पुढची पाने वाचून प्रवासी त्या वेळी कोठे होता हे आधी ठरवावे, असे मी आग्रहाने सुचवतो. स्मरणिकेतून नेरूळचा दावा तेवढा वगळावा. 'पाच' या आकड्याबद्दल माझ्यापेक्षा भाषेचे अभ्यासक अधिक सांगू शकतील.

उत्तर २ – व्युत्पत्तीविचार, वाशी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आता आकड्याकडे वळतो, कारण माझ्या मते या प्रकरणातील खरा विचार करण्याजोगा भाग तोच आहे.

पंच हे पेय म्हणून भारतातल्या इंग्रजांमध्ये रूढ झाले आणि येथून इंग्लंडला गेले, याबद्दल फारशी शंका घेण्याचे कारण नाही. या अर्थाने हा शब्द इंग्रजीत सापडतो तो प्रथम १६३२ सालच्या एका पत्रात, आणि ते पत्र कंपनीच्या माणसाने भारतातूनच लिहिलेले आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी, १६३८ मध्ये, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत उतरला असता तेथे त्याला जे पेय मिळाले त्याचे नाव तो 'पालेपुंट्झ' असे देतो. पुढे बर्निए हा फ्रेंच वैद्य 'बूलपोंज' असे लिहितो. दोन्ही रूपांचा पूर्वभाग म्हणजे इंग्रजी 'बोल', अर्थात ज्यात हे मिश्रण कालवले जाई ते मोठे वाडगे, आणि उत्तरभाग म्हणजे 'पंच'. येथवर सर्व ठीक आहे.

अडचण आहे ती 'पाच घटक' या स्पष्टीकरणात. ते प्रथम ठामपणे मांडणारा फ्रायरच आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हिंदुस्तानी भाषेत पाचला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले, कारण घटक पाच. त्याला जोड म्हणून तो वैद्यांच्या औषधांची उदाहरणे देतो: पाच द्रव्यांच्या कल्पाला ग्रीक संख्येवरून 'डायापेंटे' आणि चार द्रव्यांच्या कल्पाला 'डायाटेसरॉन' म्हणतात, तसेच हे. फ्रायर स्वतः वैद्य होता. घटकांच्या संख्येवरून मिश्रणाला नाव देण्याची रीत त्याच्या शास्त्रात नेहमीची होती, आणि आपल्याला पंचामृत जितके सहज आठवते तितक्याच सहजतेने त्याला डायापेंटे आठवले असणार. म्हणून त्याच्या साक्षीला मी नाकारत नाही. पण ती ऐकीव व्युत्पत्ती असू शकते, एवढी सावधगिरी बाळगतो.

आता त्या काळातल्या कृतीच पाहू. मांडेल्स्लो सुरतेच्या पेयात मद्य, गुलाबपाणी, लिंबुवर्गीय फळाचा रस आणि साखर एवढे घटक देतो. हे चार झाले. बर्निए जे वर्णन करतो त्यात गुळाची दारू, लिंबाचा रस, पाणी आणि वरून किसलेले थोडे जायफळ आहे. हेही चारच, आणि त्यात वेगळी साखर नाही. सर्वांत महत्त्वाचा पुरावा मुंबईचा आहे. मुंबई सरकारच्या १६९४ सालच्या एका हुकुमात असे म्हटले आहे की, खाणावळीत पंच पिण्यास आलेल्या कोणत्याही माणसाने एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट चांगले लिंबाचे पाणी मागावे आणि आपला पंच आपणच बनवावा. आजच्या मापात सांगायचे तर सुमारे एक लिटर दारू, सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि पाव लिटर लिंबाचा रस. (लिंबाचे पाणी म्हणजे येथे रसच समजावा, इंग्रजी 'लाइम' या शब्दाचा अर्थ लिंबू तसाच चुनाही होत असल्याने काही जण चुन्याची निवळी असा अर्थ करतात, तो संभवत नाही.) हुकुमात नावाने सांगितलेले पदार्थ तीन आहेत. पाणी गिऱ्हाइकाने घातले असे धरले तरी ते चार होतात. मसाल्याचा पत्ताच नाही.

हा हुकूम मला फार बोलका वाटतो. तो शब्दाची हौस असणाऱ्या कोणा प्रवाशाने लिहिलेला नाही, तर गिऱ्हाइकाला खाणावळीत काय मिळायला हवे हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी लिहिलेला आहे. पंच म्हणजे पाच वस्तू ही कल्पना त्या काळी मुंबईत सर्वमान्य असती, तर मापे ठरवताना त्यांनी तीनवर थांबण्याचे कारण नव्हते. पुढे अरकाची जागा वेस्ट इंडीजच्या रमने घेतली, तेव्हा बार्बाडोसकडे प्रमाणाचे जे लोकप्रिय सूत्र रूढ झाले त्यातही आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन आणि पातळ चार अशीच मांडणी आहे. पाचवी वस्तू तेथेही नाही.

उच्चाराचा प्रश्नही आहे. हिंदुस्तानीतला 'पाँच' आणि सुरतेच्या गुजरातीतला 'पांच' हे दोन्ही दीर्घ आकाराचे आहेत. इंग्रजीतला शब्द मात्र सुरुवातीपासून ऱ्हस्व स्वराने लिहिला जातो, आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांच्या तोंडी तो आजच्यापेक्षा 'पुंच'च्या अधिक जवळचा असावा. मांडेल्स्लोचे 'पुंट्झ'ही तेच सांगते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, फ्रायर व्युत्पत्ती सांगताना नेहमीचे स्पेलिंग सोडून दीर्घ उच्चाराचे 'पॉन्च' असे लिहितो. शब्द आकड्याशी जुळावा म्हणून त्याने हे रूप पसंत केले असावे, असा माझा तर्क आहे. उलट बाजूने असेही म्हणता येते की समासात आपला हा शब्द ऱ्हस्वच असतो, जसे पंचामृत, पंचरंगी, पंचमेळ. आणि आपल्या ऱ्हस्व 'अ'साठी इंग्रजांनी 'यू' हे अक्षर वापरल्याची उदाहरणे पंडित, जंगल, बंगला अशी हवी तितकी आहेत. म्हणून ध्वनीच्या आधारावर ही व्युत्पत्ती पूर्ण खोडून काढता येत नाही. मात्र ती आपल्या मराठी 'पाच'वरून आली असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. मराठी 'पाच'मधला च हा 'चाक'मधल्यासारखा आहे, 'चहा'मधल्यासारखा नाही, आणि त्यात अनुनासिकही नाही. इंग्रजांनी तो ऐकला असता तर शब्दाचे रूप वेगळे झाले असते.

दुसरी एक उपपत्ती अशी आहे की, जहाजावर मद्य साठवण्याच्या मोठ्या पिपाला इंग्रजीत 'पंचन' म्हणत, त्याचा हा संक्षेप असावा. खलाशांच्या बोलीत असे संक्षेप होतात हे खरे. ध्वनीच्या दृष्टीने ही उपपत्ती सोपी आहे, पण पिपात मिश्रण नसे, निव्वळ मद्य असे; आणि हा शब्द युरोपीय बंदरांत आधी न सापडता भारतातल्या वखारीत का सापडतो, याचे उत्तर ती देत नाही.

नेरूळनिवासी

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. नेरूळचा दावा मी काढून टाकत आहे. व्युत्पत्तीविचार यांना एकच विचारतो: मग हॉब्सन-जॉब्सनसारख्या मान्यवर कोशात पाचची व्युत्पत्ती दिली आहे ती कशाच्या आधारावर? आणि सभासदांचा आग्रह असा आहे की ठाणे जिल्ह्याचा काही तरी संबंध या विषयाशी असलाच पाहिजे. तसा तो आहे का?

उत्तर ३ – व्युत्पत्तीविचार, वाशी

हॉब्सन-जॉब्सन हा यूल आणि बर्नेल यांचा कोश १८८६ साली निघाला, आणि अँग्लो-इंडियन शब्दांसाठी आजही त्याला तोड नाही. त्याचे मोठेपण असे की तो केवळ निर्णय देत नाही, तर ज्यावरून निर्णय केला ती जुनी अवतरणे तारखेनुसार समोर ठेवतो. फ्रायरचे वाक्य आणि मुंबईचा १६९४चा हुकूम ही दोन्ही त्याच नोंदींत वाचायला मिळतात. त्यामुळे कोशकारांचे मत एक असले तरी वाचक त्यांच्याच सामग्रीवरून वेगळा विचार करू शकतो. स्मरणिकेत 'पाचवरून आला असे पुष्कळांचे मत आहे, पण जुन्या कृतींत घटक पाच असतातच असे नाही' असे लिहिलेत तर कोणत्याही अभ्यासकाला ते खटकणार नाही.

उत्तर ४ – माडबाग, ठाणे

ठाणे जिल्ह्याचा संबंध विचारला आहे म्हणून लिहितो. आमचे मूळ घर उत्तरेकडच्या किनारपट्टीवर, म्हणजे पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ नंतरच्या पालघर जिल्ह्यात आहे. आमच्या भंडारी समाजात माडी काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आपल्या किनाऱ्याने इंग्रजीला दिलेला पिण्याचा शब्द शोधायचा असेल तर तो 'पंच' नसून 'टॉडी' आहे, असे मला वाटते. तो 'ताडी'च आहे, आणि त्याबद्दल वाद नाही. 'पंच'प्रमाणे येथे तर्कांची गर्दी करावी लागत नाही.

ताडी या शब्दातला ड आपण जीभ उलटी वळवून, झटक्याने उच्चारतो. इंग्रजांच्या कानाला तो कधी 'र'सारखा तर कधी 'ड'सारखा वाटे; म्हणूनच सतराव्या शतकातील त्यांच्या लिखाणात 'टॅरी'सारखी रूपेही आढळतात आणि 'टॅडी'सारखीही. पुढे 'टॉडी' स्थिरावले. सुरुवातीला त्याचा अर्थ ताडा-माडाचा रस एवढाच होता. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये व्हिस्की, गरम पाणी आणि साखर यांच्या मिश्रणाला तेच नाव मिळाले, आणि रॉबर्ट बर्न्सच्या त्या शतकातल्या स्कॉट्स कवितेत ते याच अर्थाने आले आहे. एडिंबरोच्या 'टॉड्स वेल' नावाच्या विहिरीवरून ते आले असेही तिकडे सांगितले जाई, पण आपल्याकडचा वापर कितीतरी जुना असल्याने ते टिकत नाही.

आमच्या घरी तीन वेगळे शब्द काटेकोरपणे वापरले जात: माडाची ती माडी, ताडाची ती ताडी आणि शिंदीच्या झाडाची ती शिंदी. इंग्रजांनी या तिन्हींना सरसकट टॉडी म्हटले. काम असे चाले. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा, दोरीने आवळून बांधायची, काही दिवस ती हलक्या हाताने ठोकत राहायची, मग धारदार कोयत्याने तिच्या टोकाची पातळ चकती उतरवून खाली मडके अडकवायचे. रस थेंबथेंब गळत असतो. टोक सुकले की गळणे थांबते, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून नवी चकती उतरवावी लागते. ती जाड उतरली तर पोय लवकर संपते, पातळ उतरली तर रस मोकळा होत नाही. हा अंदाज पुस्तकात नसतो, हातात असतो. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर ऊन चढेपर्यंत रस फसफसू लागतो, ती माडी. ती भट्टीवर चढवून वाफ गार केली की जे मिळते तोच फ्रायरच्या वाक्यातला अरक. अरक हा मूळ अरबी शब्द, अर्थ घाम, कारण ऊर्ध्वपातनात द्रव घामासारखा थेंबांनी जमतो. गोव्यात काजूच्या पहिल्या धारेला आजही 'ऊर्राक' म्हणतात, तो हाच शब्द.

या धंद्यावर १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्याने मोठा घाव घातला. माडी काढण्याच्या झाडांवरचा कर वाढला आणि गाळपाचे अधिकार ठेकेदारांकडे एकवटले. ज्यांच्या हातात कोयता होता त्यांच्या हातातला व्यवहार गेला. याची आठवण आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अनेकदा येत असे. आपल्या स्मरणिकेत ठाणे जिल्ह्याबद्दल काही छापायचे असेल तर दारूच्या नावाच्या अभिमानापेक्षा हे कसब आणि त्या कसबाचे शब्द छापावेत, अशी माझी विनंती आहे. पोय, माडी, शिंदी हे शब्द इमारतींत वाढलेल्या मुलांच्या कानावरून जात नाहीत.

उत्तर ५ – कोशवाचक, ऐरोली

मूळ प्रश्नातला उपप्रश्न राहिला होता, म्हणून थोडक्यात. तिन्ही 'पंच' वेगवेगळे आहेत.

क्रिकेटमधला पंच हा आपला संस्कृत पंच. पाच जणांनी बसून निवाडा करायचा, त्यावरून पंच, पंचायत. फारसी 'नामा' जोडून पंचनामा. निवाडा करणारा एकटा असला तरी तो पंचच राहिला.

मुष्टियोद्ध्याचा पंच आणि कागदाला भोक पाडण्याचे पंच यांचे मूळ फ्रेंचमधून मागे लॅटिनमधल्या 'टोचणे' या अर्थाच्या धातूपर्यंत जाते. सायकलच्या चाकाचे पंक्चर त्याच कुळातले आहे.

पेल्यातल्या पंचाची चर्चा वर सविस्तर झालीच आहे. याशिवाय चौथा एक पंच आहे. लंडनमध्ये १८४१ साली निघालेल्या 'पंच' या प्रसिद्ध व्यंग्यसाप्ताहिकाचे नाव या तिन्हींपैकी कशावरूनही नसून एका कळसूत्री बाहुलीवरून आहे. इटलीच्या लोकनाट्यातले 'पुल्चिनेल्ला' हे पात्र बाहुल्यांच्या खेळांतून इंग्लंडला आले. सॅम्युएल पेपीसने १६६२ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये असा खेळ पाहिल्याचे आपल्या रोजनिशीत लिहिले आहे. त्याचे इंग्रजी नाव आखूड होऊन पंच झाले. एकोणिसाव्या शतकात मुंबईतून निघणाऱ्या 'पारसी पंच' आणि पुढे 'हिंदी पंच' या व्यंगचित्रांच्या नियतकालिकांनी नाव घेतले ते या लंडनच्या साप्ताहिकाचे. आपल्याकडच्या वाचकाला मात्र त्यात निवाडा करणारा पंचही ऐकू आला असणार, आणि राज्यकर्त्यांना चार खडे बोल सुनावणाऱ्या पत्राला तो अर्थही शोभत होता.